घरात निर्वस्त्र राहणं, आणि त्यासाठी केलेली एक खोली, एक गच्ची

गच्चीकर

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. घरच्यांना विचारून लिहितोय. बायकोने मसुदा वाचून दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

मी पन्नाशी उलटलेला, ठाण्यात राहतो. घरात मी, बायको आणि ७९ वर्षांची आई. गेली १८ वर्षं जमेल तेव्हा मी घरात कपड्यांशिवाय राहतो. नेचरिस्ट हा शब्द फार नंतर कळला, सवय आधीची. यात लैंगिक काही नाही. पुस्तक वाचतो, कुंड्यांना पाणी घालतो, पत्रव्यवहार करतो, रविवारी दुपारी झोपतो. फक्त अंगावर काही नसतं.

सुरुवात चंद्रपूरला झाली. नोकरीत तिकडे बदली, क्वार्टरमध्ये एकटा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर ऊब लागायची. घामोळ्यांनी पाठ सोलून निघाली होती. एका रात्री अंघोळ करून कूलरसमोर बसलो आणि कपडे घालायचं राहूनच गेलं. तासाभराने लक्षात आलं की आपण स्वतःच्या अंगाकडे पाहतोय आणि त्याचं काहीच वाटत नाहीये. पोट सुटलेलं, गुडघ्यावर जुना व्रण, एक खांदा किंचित खाली. चाळिशीला टेकेपर्यंत मी या शरीराला फक्त झाकलं होतं, नीट पाहिलं कधी नव्हतं. त्या दिवसापासून पोटाची लाज गेली ती गेलीच. उन्हाळा संपला, बदली परत झाली, ही गोष्ट मात्र राहिली.

ठाण्यात आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला, कारण इथे मी एकटा नव्हतो. बायकोला सगळं सांगितलं. तिने दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला स्वतःला नाही आवडणार तसं राहायला. तुम्ही राहा. पण देवघरासमोर नाही, जेवायला बसताना नाही, आणि आईंना कधी अवघडल्यासारखं होता कामा नये." या तीन अटी मी आजपर्यंत एकदाही मोडलेल्या नाहीत. तिला न सांगता चोरून करत राहिलो असतो तर मला ते कधीच मोकळं वाटलं नसतं.

मग मागची खोली आणि तिला लागून असलेली गच्ची एवढी जागा माझी ठरली. गच्ची आमच्याच करारात आहे, सोसायटीची सामाईक नाही. हे आधी तपासा, कारण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पुष्कळ जणांना आपली वाटणारी गच्ची कागदावर सगळ्यांची असते.

खोलीच्या काचांना मी आरशासारखी फिल्म लावून घेतली. विकणारा म्हणाला, बाहेरून काही दिसत नाही, आतून सगळं दिसतं. दिवसा ते खरंच होतं. आठवड्याभराने एका संध्याकाळी कामावरून येताना सहज वर पाहिलं, तर खोलीत दिवा लागलेला आणि भिंतीवरचं कालनिर्णय, शिवणयंत्र, खुर्चीवर टाकलेला माझा पंचा, सगळं खालून स्वच्छ दिसत होतं. पोटात गोळाच आला. जो उजेडात तो दिसतो, इतकं साधं आहे ते. दिवसा बाहेर उजेड म्हणून आपण दिसत नाही, रात्री आत उजेड म्हणून दिसतो. आरशाची फिल्म, जाळीचा पडदा, चिक, सगळ्यांना हाच नियम लागू. आता जाळीच्या पडद्यामागे जाड कापडाचा दुसरा पडदा आहे. तो दोन्ही बाजूंना भिंतीवर अर्धा फूट जास्त जातो आणि खाली जमिनीला टेकतो. दिवा लावायच्या आधी पडदा, पडदा उघडायच्या आधी दिवा बंद.

गच्चीचं काम जास्त अवघड होतं. शेजारी २२ मजली टॉवर. कठडा साडेतीन फूट. आधी मी कठड्याला बांबूची चटई लावून सहा फूट केला. समोरच्या बरोबरीच्या इमारती झाकल्या गेल्या, पण टॉवरला त्याचा काय फरक पडणार? वरून पाहणाऱ्याला भिंत अडवत नाही. शेवटी बायकोनेच सुचवलं, "मी टॉवरमधल्या मैत्रिणीकडे जाते, तिच्या जिन्याच्या खिडकीतून बघते." मी भडक केशरी टीशर्ट घालून गच्चीवर एकेका जागी बसायचो आणि ती फोनवर सांगायची. "दिसताय. दिसताय. डोकं दिसतंय. आता पाय. अहो, अजून आत सरका... हां, आता फक्त बादली." दिवसा एकदा आणि रात्री एकदा, असं दोनदा केलं. अकराव्या मजल्यावरून, मग विसाव्यावरून.

त्यातून कळलं ते असं: आडोसा जितका लांब, तितका उंच लागतो. म्हणून तो जवळ आणायचा. अख्खी गच्ची झाकायच्या भानगडीत न पडता एका कोपऱ्यात आठ बाय सहा फुटांची जागा घेतली, त्यावर सात फुटांवर शेडनेट, ९० टक्के सावलीची, दुहेरी. नेटवर ऊन आणि खाली सावली, त्यामुळे वरून नुसता हिरवा तुकडा दिसतो. रात्री त्याखाली मी दिवा लावत नाही.

सोसायटीने परवानगी देताना पक्कं बांधकाम नको आणि गच्चीला भोकं पाडू नका, असं सांगितलं होतं. बरोबरच होतं, वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्यांच्या घरात गळती. म्हणून रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून चार पाइप उभे केले. बाजूने कुंड्या: मधुमालती, कृष्णकमळ, मोगरा. अर्जात कुंड्यांसाठी सावली असं लिहिलं होतं आणि तेही खरंच आहे, कढीपत्ता आता माझ्या खांद्याला लागतो.

आता आईबद्दल, कारण मुख्य गोष्ट मला हीच सांगायची आहे.

आमच्याकडे दार वाजवायची पद्धत नव्हती. दार लोटलं की आत. माझ्या खोलीसाठी नियम केला की बंद दार वाजवायचं आणि आतून "हो" आल्याशिवाय उघडायचं नाही. आईला एवढंच सांगितलं की मला उकडतं, मी कपडे काढून बसतो. ती म्हणाली, "मग दार लावून बस, एवढंच ना." पण मला तो नियम एकतर्फी वाटायला लागला. माझं दार सगळ्यांनी वाजवायचं आणि तिच्या खोलीत मात्र आम्ही औषधाची गोळी, धुतलेले कपडे, फोन घेऊन थेट शिरायचं? मग आम्ही दोघं तिचंही दार वाजवायला लागलो. पहिले काही दिवस ती आतून ओरडायची, "अगं, ये ना, वाजवतेस काय!" महिन्याभराने एका दुपारी पाहिलं तर तिचं दार लावलेलं. आत ती लुगडं सैल करून, केस मोकळे सोडून पंख्याखाली पडली होती, असं तिने नंतर बायकोला सांगितलं. चाळीत दहा माणसांत संसार केला, तिला आयुष्यात कधी स्वतःचं बंद दार मिळालंच नव्हतं. आता रोज दोन ते चार ते बंद असतं.

तुमच्यापैकी कोणी असं राहत असेल, किंवा राहायची इच्छा असून जागा करता येत नसेल, तर लिहा.

पुस्तकी_ठाणेकर

तुम्ही ठाण्याचे आहात म्हणून सांगतो. जगात नोंद असलेल्या पहिल्या नेचरिस्ट संघांपैकी एक ठाण्यातच निघाला होता, १८९१ साली. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाचे ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश, पत्नी वारलेली. त्यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढला. सभासद किती, तर तीन. ते स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. माथेरानला जमायचे. पुढच्याच वर्षी क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाली आणि संघ संपला. १८९४ मध्ये ते वारले. इंग्लंडमधल्या एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला त्यांनी पत्रं लिहिली होती, म्हणून हे आज माहीत आहे. दोन सोबती मिळाल्याचं त्या एकाकी माणसाला केवढं अप्रूप वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि मराठीत या विषयावर बोलायचं तर र. धों. कर्वे यांना वगळून पुढे जाताच येत नाही. १९२७ ते १९५३ एकहाती 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, नग्नतेत मुळात अश्लील काही नाही हे त्यात स्वच्छ मराठीत मांडलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. खटला हरले, दंड झाला, अंक चालू राहिला. आपण आज टोपणनावाने का होईना लिहू शकतो, ते कर्व्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं म्हणून.

दुपारची_सही

वकिली करते, म्हणून कायद्याचं तेवढं लिहिते. घरात कपडे न घालणं हा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (पूर्वीचं भादंवि २९४) सार्वजनिक जागी केलेल्या आणि दुसऱ्यांना त्रास होईल अशा अश्लील कृत्याबद्दल आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी दुसरा कायदा लक्षात ठेवावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ११०. त्यात रस्ता किंवा सार्वजनिक जागा तर आहेच, शिवाय तिथून दिसेल अशा रीतीने केलेलं जाणूनबुजून अंगप्रदर्शनही आहे, मग ते घराच्या आतून का असेना. "मी माझ्या घरात होतो" हे उत्तर उघड्या खिडकीत उभं राहून देता येत नाही. त्यामुळे गच्चीकरांनी केशरी टीशर्ट घालून जे केलं ते कायद्याच्या दृष्टीनेही अगदी योग्य आहे. आपण न दिसण्याची काळजी घेतली होती, हे दाखवता आलं पाहिजे.

उलट बाजूही आहे. कोणी चोरून फोटो काढला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होतं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रीला खासगी स्थितीत चोरून पाहणं किंवा टिपणं यासाठी न्याय संहितेत वेगळं कलम ७७ आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालापासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. घरातल्या घरात एवढं अवकाश मागणं म्हणजे काहीतरी वावगं मागणं नव्हे.

साधा_माणूस_सातारा

मला हे पटलं नाही, स्पष्ट लिहितो. राग नाही. आपल्याकडे अंघोळही पंचा नेसून करायची रीत होती, त्यामागे काही विचार असेल. घरात सुना, नातेवाईक, कामाला येणाऱ्या बाया. तुमची खोली तुमची हे ठीक, पण त्याला नाव द्यायचं, चर्चा करायची, याची गरज काय? उघड्याने बसायचं असेल त्याने बसावं.

गच्चीकर

@साधा_माणूस_सातारा, स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. पंचा नेसून अंघोळ करायची ती विहिरीवर, नदीवर, चारचौघांत किंवा उघड्या न्हाणीत, तेव्हा ती गरजच होती. आणि चारचौघांत आजही मी कपडे घालूनच असतो.

चर्चा का, तर मी दहा वर्षं समजत होतो की असा मी एकटाच आणि माझ्यात काहीतरी बिघाड आहे. डॉक्टरांना विचारावं का, इथपर्यंत गेलो होतो. दुसऱ्या कोणाला ती दहा वर्षं काढावी लागू नयेत.

कामाला येणाऱ्या मावशींचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. त्या सकाळी साडेआठ ते दहा येतात. त्या वेळात मी पूर्ण कपड्यांत, खोलीचं दार सताड उघडं. घरात काम करणाऱ्या बाईला "नको" म्हणणं सोपं नसतं, म्हणून तिच्यावर ती वेळच येऊ द्यायची नाही. कुरियरवाला, गॅसवाला यांच्यासाठी खोलीच्या दारामागे खुंटीवर लुंगी आणि सदरा कायम अडकवलेला. ती खुंटी इतर कशासाठी वापरायची नाही.

पांढरी_जाई

वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं, म्हणून लिहितेय. मी ३४, पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये एकटी राहते. मला कोड आहे. विसाव्या वर्षी सुरू झालं, आता पाठ, पोट, मांड्या, दोन्ही हात. कॉलेजपासून मी पूर्ण बाह्यांशिवाय बाहेर पडलेली नाही. पुण्याच्या एप्रिलमध्येही नाही. अंघोळ दिवा न लावता करायचे. आरसा छातीपर्यंतच लावला होता.

दोन वर्षांपूर्वी एकटं घर घेतल्यावर संध्याकाळी तासभर काही न घालता बसायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पण जमलं नाही. आता मी तशीच गादीवर बसून क्रोशे करते. मांडीवरचा डाग गेल्या वर्षी तळहाताएवढा होता, आता गुडघ्यापर्यंत आलाय. त्याच्या कडेला एक गहिरी रेघ आहे, नकाशातल्या किनाऱ्यासारखी. मला ती आता सुंदर दिसते. हे वाक्य मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

बाईला एकटीने हे करताना भीतीचं गणित वेगळं असतं, ते लिहायलाच हवं. माझं घर पहिल्या मजल्यावर, समोर मेस, तिथे कायम मुलं. भाड्याचं म्हणून भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मी खिडकीच्या चौकटीत ताणून बसणारे स्प्रिंगचे दांडे वापरले, त्यावर जाड पडदा. काचेला पाणी मारून चिकटणारी दुधी फिल्म लावली. ती आरशासारखी नाही, दिवसा-रात्री दोन्हीकडून आरपार दिसत नाही, आणि घर सोडताना निघते. फक्त काचेला टेकून उभं राहिलं की आकार दिसतो, म्हणून खिडकीपासून दोन हात लांब. मुख्य दाराच्या पीपहोलला आतून चिकटपट्टीची झडप. घरमालकांकडे दुसरी किल्ली असते, म्हणून आतून कडी. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कागद, आणि फोन दुसऱ्या खोलीत. हा शेवटचा नियम मी एकदाही मोडत नाही.

दुपारची_सही, ६६ई आणि ७७ मी वहीत लिहून ठेवलंय.

गच्चीकर

@पांढरी_जाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने तुम्हाला सांगायला सांगितलंय की आरसा पूर्ण उंचीचा घ्या.

पांढरी_जाई

घेतला. मागच्याच महिन्यात. तुळशीबागेजवळच्या दुकानातून, रिक्षात आडवा धरून आणला.

इसारकाठ

म्युनिकमध्ये बारा वर्षं आहे. इथे याला एफकेके म्हणतात, मुक्त देहसंस्कृती. शहराच्या मधोमध इंग्लिशर गार्टन या मोठ्या बागेत शोनफेल्डवीजे नावाचं कुरण आहे, उन्हाळ्यात तिथे आजी-आजोबा निवांत निर्वस्त्र पडलेले असतात, शेजारून सायकली जातात, कोणी मान वळवत नाही. सौनातही, म्हणजे घाम काढायच्या गरम लाकडी खोलीत, कपडे चालत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पोहण्याची चड्डी घालून, तर एका बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की इथे ती काढून या.

तिथे शिकलेला एक नियम घरीही उपयोगी आहे: बसाल तिथे आपला टॉवेल आधी. सौनात तर घामाचा थेंब लाकडावर पडू नये म्हणून पायाखालीही टॉवेल घेतात. निर्वस्त्र राहणाऱ्याने स्वच्छतेत जास्त काटेकोर असावं, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

आणि एक. इथे मोकळं आहे म्हणून सगळं चालतं असं नाही. टक लावून पाहिलं किंवा फोन वर केला, तर आजूबाजूचेच उठवतात.

गच्चीकर

टॉवेलचा नियम आमच्याकडे पंच्याच्या रूपात आहे. चार पंचे, रोज एक धुवायला, आणि ते मीच धुतो. वेताच्या खुर्चीवर पंचा नसला तर पाठीवर जाळी उमटते. नवीन माणसांना आणखी एक सांगतो: फोडणी आणि इस्त्री कपडे घालूनच करा. हे पोळून शिकलोय, मोहरी कुठे उडते त्याला नेम नाही.

आगर_आणि_गडगा

मी राजापूरकडचा. मुंबईची नोकरी सोडून वडिलांच्या आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत राहतो. इथे लोकांना वाटतं एवढी जागा आहे, काय अडचण? अडचण आहे. चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, कमरेएवढा, वाट त्याला लागून, आणि येणारा माणूस लांबूनच हाक मारून थेट मागील दारी येतो. हाक मारून येतात हे चांगलं, पण हाक ऐकू येईपर्यंत ते पोफळीत पोचलेले असतात.

मी न्हाणीच्या मागे विहिरीच्या बाजूने झाप लावले आहेत. माडाची चुडतं विणून केलेले, माणसाच्या उंचीचे, तीन बाजूंनी. मध्ये एक मोठा चिरा, त्यावर बसतो. ऊन झापातून कणाकणाने अंगावर येतं. तेवढ्यासाठी मुंबई सोडली असं म्हटलं तरी चालेल. पावसात झाप कुजतात, दरवर्षी दिवाळीनंतर नवे.

तुमच्या २२ मजल्यांचं वाचलं आणि मला आमचा नारळ काढणारा पाडेली आठवला. माडावर चढला की त्याला अख्खं आगर दिसतं. तो सांगून कधीच येत नाही, त्याच्या सोयीने येतो. त्याला मी सरळ सांगितलं की येण्याआधी आदल्या दिवशी निरोप दे, मी मागे उघडा असतो. तो म्हणाला, "मगे तसा सांगूचा ना." आता निरोप येतो. गावात कोणाला बोलला असेल तर मला तरी ऐकू आलेलं नाही.

दुसरं म्हणजे हुमले, झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्या. आंब्याखाली बसूच नका.

एक विचारायचं होतं: शेडनेट आमच्या वाऱ्यापुढे टिकेल का? झापांवर छप्पर करायचं आहे, पत्रा नको, तापतो.

गच्चीकर

नेट घट्ट ताणून बांधू नका, शिडासारखी वारा धरते आणि खांबच उपटते. माझी पहिली नेट वळिवाच्या पहिल्याच वाऱ्यात दोन डब्यांसकट पडली, नशिबाने कठड्याच्या आत. आता कडेला दर हातभर अंतरावर कड्या आहेत आणि दोरीला मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, ते ताण घेतात. जून लागायच्या आधी नेट उतरवून घडी करून ठेवतो. त्या चार महिन्यांत गच्ची बंद, खोलीतच बसतो. मधुमालती तोवर दाट होते, पण तिच्या भरवशावर राहू नका, जानेवारीत पानं झडली की आरपार दिसतं. दरवर्षी नेट चढवली की बायको पुन्हा टॉवरमध्ये जाऊन पाहून येते. केशरी टीशर्ट त्यासाठीच ठेवलाय.

तुमच्याकडे झापांवर बांबूच्या पट्ट्या आडव्या टाकून त्यावर नेट सैल सोडून बघा. आणि पाडेल्याला निरोपाबरोबर माडावरून एकदा खाली बघायला सांगा, काय दिसतं ते तोच नेमकं सांगेल.